घेण्याचे माप

एखादी चांगली वस्तू आपल्याला नियमाने मिळत असली की ती घ्यावी की नको, असा प्रश्न सहसा आपल्याला पडत नाही. मिळते ना, मग घ्यायची. पण नियमाने मिळणे आणि धर्माने घेणे या दोन गोष्टी नेहमी एकच असतात का?

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या भाचीने घर बदलले. नव्या घराजवळची सरकारी शाळा स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांतून शिकवते. धाकटी बालवर्गात जाईल, तिची काळजी नाही. थोरला नऊ वर्षांचा, चौथीत. त्याला मराठी येते, इंग्रजी येते, स्पॅनिशचे अक्षर येत नाही. पत्ता शाळेच्या हद्दीतला आहे, वर्गात जागाही आहे. "मावशी, एवढी चांगली संधी सोडू कशाला गं? पण पोराला पाण्यात ढकलल्यासारखं तर नाही ना होणार?" असे तिने विचारले. तिचा प्रश्न मुलाविषयी होता. मला त्यात आणखी एक प्रश्न दिसला, तो वर्गातल्या बाकीच्या मुलांविषयी.

या शाळा चालतात कशा ते आधी बघू. बऱ्याच ठिकाणी बालवर्गात नव्वद टक्के शिकवणे स्पॅनिशमधून आणि दहा टक्के इंग्रजीतून असते. दरवर्षी इंग्रजी वाढत जाते आणि चौथी-पाचवीपर्यंत दोन्ही भाषा निम्म्या-निम्म्या होतात. वर्गात काही मुले घरी स्पॅनिश बोलणारी, काही इंग्रजी बोलणारी, अशी मुद्दामच घेतलेली असतात, म्हणजे ती एकमेकांकडून शिकतात. बालवर्गात सगळेच सारखे अडाणी, म्हणून लाज कुणालाच नसते. चौथीत मात्र गणित आणि विज्ञानही स्पॅनिशमधून चाललेले असू शकते. म्हणूनच अनेक शाळा पहिली-दुसरीनंतर येणाऱ्या मुलाला थोडी तरी स्पॅनिश येते का, हे पाहतात.

आता आईचा प्रश्न. मुलाला त्रास होईल, हे नक्की. पण त्रास झाला म्हणजे हिंसा झाली, असे आपले शास्त्र म्हणत नाही. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या मुळाशी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, धरला आहे. डॉक्टर सुई टोचतो, तेही दुखतेच. मुलाला न विचारता, न सांगता, केवळ 'पुढे उपयोग होईल' म्हणून त्या वर्गात बसवले आणि रात्री तो रडला तेव्हा 'सवय होईल' म्हटले, तर तो प्रमाद. त्याच्याशी बोलून, पहिले सहा महिने वर्गात तू सर्वांत मागे असशील हे स्पष्ट सांगून, जमले नाही तर परतीची वाट मोकळी ठेवून पाठवले, तर त्याच त्रासाला वेगळा अर्थ येतो. पाच वर्षांच्या पोरीच्या वतीने आईने ठरवले तर चालते. नऊ वर्षांच्या मुलाला मत असते, आणि ते विचारलेच पाहिजे.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. हे वर्ग कुणाच्या गरजेतून उभे राहिले? मायामीतल्या कोरल वे शाळेत 1963 साली क्यूबातून आलेल्या निर्वासितांच्या मुलांना इंग्रजी बोलणाऱ्या मुलांबरोबर दोन्ही भाषांतून शिकवायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1998 मध्ये 227 क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर करून दोन भाषांतले शिक्षण जवळजवळ बंद पाडले, आणि 2016 मध्ये 58 क्रमांकाच्या प्रस्तावाने ते बंधन काढून टाकले. मधल्या अठरा वर्षांत किती मुले आईच्या भाषेतले वाचन न शिकताच मोठी झाली असतील! त्यांच्यासाठी ही शाळा गरज आहे. आमच्या मुलासाठी ती हौस आहे. चांगली हौस, पण हौसच.

यावर भाचीचे उत्तर तयार होते. "अगं मावशी, इंग्रजीवाली मुलं हवीत म्हणून तर त्या वर्गाची अशी रचना आहे. आम्ही कुणाचं काय हिसकावतोय?" यात तथ्य आहे. जागा रिकामी आहे, कुणाला उठवून बसायचे नाही. पण वर्गात जागेशिवाय आणखीही एक गोष्ट वाटली जाते. आमच्या बेळगावात हे रोज दिसते. चार जण कानडीत बोलत असतात, पाचवा न समजणारा येऊन बसतो आणि सगळे हिंदीत वळतात. कुणी सांगत नाही, आपोआप होते. त्याचा मान राखला जातो आणि बोलण्यातले कानडी जाते. तिथे तर वळण्याची भाषा इंग्रजी आहे, जिचे वजन आधीच जास्त आहे. स्पॅनिश न येणारे एक मूल गटात बसले की बाकीची तीन मुले त्याच्यासाठी इंग्रजीत बोलू लागतात. त्यांचे स्पॅनिशचे तास असे थोडे थोडे झिजतात.

अचौर्य व्रताच्या पाच अतिचारांत एक व्यापाऱ्याचा आहे: देताना लहान माप वापरायचे आणि घेताना मोठे. आपल्याकडे दुकानदारी करणाऱ्या घरांत हा अतिचार लहानपणीच कानावर पडतो. मला वाटते, तो तराजूपुरता नाही. वर्गाकडून भाषा घ्यायची आणि वर्गाला मात्र आपल्या भाषेकडे वळवायचे, हेही मोठ्या मापाने घेणेच. दुकानात चोरी झालेली नसते, पण हिशेब खोटा असतो.

म्हणून मी भाचीला 'घालू नकोस' म्हटले नाही. माप सारखे कर, एवढेच म्हटले. शाळा सुरू होण्याआधीच्या सुट्टीत घरी स्पॅनिश सुरू करा, एकट्या मुलाने नव्हे, आईबापांनीही. वाकायचे तर आपल्या घराने वाकावे, वर्गाने नव्हे. गटात तुझ्यासाठी कुणी इंग्रजीत बोलू लागले तर 'स्पॅनिशमध्येच सांग' म्हणायला मुलाला शिकव. पालकसभेत स्पॅनिश बोलणाऱ्या आयांना आधी बोलू दे. शिक्षिकेने जादा वेळ दिला तर तो आपला हक्क समजू नकोस. आणि मुलगा नको म्हणाला, तर तिथेच थांब.

श्रवणबेळगोळला बाहुबलींच्या पायाशी मूर्ती कुणी घडवून घेतली ते कानडी, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेले आहे. ज्याने कोरवले त्याने यात्रेकरूला आपली भाषा शिकून ये, असे सांगितले नाही. येणाऱ्याची भाषा दगडावर आणली. यजमानाला हे शोभते. पण पाहुण्याचा धर्म वेगळा असतो. यजमान आपल्यासाठी किती वाकतो हे मोजत न बसता, त्याला कमीत कमी वाकावे लागेल असे पाहुण्याने वागायचे. परक्या गल्लीतल्या शाळेत आपले मूल बसवताना आपण पाहुणेच असतो, घराचा पत्ता काहीही असो.