चाळणीच्या दोन बाजू

कैरीचा नुसता वास आला तरी तोंडाला पाणी सुटतं, आणि एवढ्या भांडवलावर नैयायिकांनी आत्मा सिद्ध केला आहे. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात हा युक्तिवाद येतो. तिथे नुसतं आंबट फळ आहे, कैरी माझी. फळ दिसलं किंवा हुंगलं की जीभ पाझरते. डोळ्याला, नाकाला चव कळत नाही आणि जिभेने अजून काही चाखलेलं नाही. मग आंबटपणा आठवला तो कुणाला? इंद्रियांच्या मागे बसून सगळ्यांचं ऐकून घेणारा कुणी एक ज्ञाता असला पाहिजे.

मी जन्मभर मेडिकलच्या मुलांना शरीररचना शिकवली. डिसेक्शन हॉलमध्ये आत्म्याचा विषय फारसा निघत नाही. तरी हा युक्तिवाद मला आवडत आला, कारण त्यात साक्षीला नाक आहे, आणि नाकासारखा अडचणीचा साक्षीदार दुसरा नाही.

नाकाच्या छताला एक बारीक भोकांचं हाड आहे, अगदी चाळणीसारखं. खालच्या पातळ त्वचेत वासाच्या चेतापेशी असतात. त्यांचे तंतू चाळणीतून वर घुसतात आणि मेंदूच्या घ्राणकंदात पोचतात. एक टोक उघड्या हवेत, दुसरं थेट मेंदूत. धूळ, धूर, सर्दी सगळं त्या अंगावर घेतात आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत मरतात. तळाशी असलेल्या मूळपेशी नव्या चेतापेशी घडवतात. म्हणजे मागच्या चैत्रात माझ्या ज्या पेशींनी कैरी ओळखली, त्यांतल्या बहुतेक आज नाहीत. तोंडाला पाणी मात्र तसंच सुटतं.

हे जमतं कसं, त्याचा धागा रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांच्या 1991च्या शोधनिबंधातून मिळाला. त्यासाठी 2004 साली त्यांना नोबेल मिळालं. माणसात वास टिपणारी प्रथिनं सुमारे चारशे जातींची आहेत. एका पेशीत साधारणपणे एकच जात, आणि एका जातीच्या सगळ्या पेशींचे तंतू घ्राणकंदातल्या ठरावीक ठिपक्यांवरच जातात. वारीत दिंडीला रथापुढचा किंवा रथामागचा क्रमांक ठरलेला असतो. चालणारे पिढ्यान्‌पिढ्या बदलतात, क्रमांक तोच राहतो. नव्या तंतूला ही जागा शोधताना सोबत लागते. ती देणाऱ्या वेगळ्या पेशी तिथे असतात, तंतूंच्या जुड्यांना वेढून त्या वाट मोकळी ठेवतात. लंडनच्या जेफ्री रेझमन यांनी 1985 साली त्यांचं वेगळेपण दाखवून दिलं.

बौद्धांना हे ऐकून आनंद झाला असता. टिकणारा कुणी नाही, टिकतो तो प्रवाह, हेच तर ते नैयायिकांना सांगत होते. मीही बरीच वर्षं त्याच बाजूला झुकलेली होते. मग 2012 साली स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाचं काम वाचलं. अणुबॉम्बच्या चाचण्यांनी 1950-60च्या दशकांत हवेतला कार्बन-14 वाढवला होता. पेशी जन्मते तेव्हाच्या हवेतली ही खूण तिच्या डीएनएमध्ये राहते, त्यावरून तिचं वय काढता येतं. माणसाच्या घ्राणकंदातल्या चेतापेशी जवळजवळ सगळ्या त्या माणसाच्याच वयाच्या निघाल्या. चाळणीच्या खाली सतत मरणं आणि जन्मणं, चाळणीच्या वर जन्मापासूनचे तेच रहिवासी. मध्ये एक पातळ हाड. वादात दोन्ही पक्षांना अर्धं अर्धं घर मिळालं.

करोनात माझा वास गेला, आणि परतला तो वेडावाकडा. फोडणीतला हिंग जळक्या रबरासारखा लागायचा. नवे तंतू भलत्या ठिपक्यावर पोचले की असं होत असावं, असं काही संशोधक मानतात. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं: हा वास हिंगाचा नव्हे, हे मला पक्कं ठाऊक होतं. नाक खोटं बोलतंय हे ओळखणारं कुणीतरी आत शाबूत होतं. तेवढ्यापुरते नैयायिक जिंकले, हे मान्य करायला हवं.

पण जिंकलेल्याचं पुढे काय होतं? मज्जारज्जूही चाळणीच्या वरच्या, कायम रहिवाशांच्या मुलखातला. तो तुटला की जुळत नाही. मोठ्या वयात चेतामार्ग ठरून गेलेले असतात, तिथे पुन्हा काही उगवत नाही, असा निवाडा रामोन इ काहाल यांच्या ग्रंथाच्या 1928च्या इंग्रजी आवृत्तीत आहे. ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ विद्यापीठातले ॲलन मॅके-सिम वासाचे अभ्यासक. नाकात जे रोज घडतं ते पाठीच्या कण्यात का घडू नये, हा त्यांचा प्रश्न. 2017 साली ते 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाले ते याच कामासाठी.

माझे धाकटे दीर वेदान्ताचे गाढे वाचक. 2014 साली पोलंडच्या दारेक फिदिकाची बातमी आली. 2010 मध्ये चाकूहल्ल्यात त्याचा मज्जारज्जू कापला गेला होता. 2012 साली व्रॉत्सवाफ शहरात पावेल ताबाकोव्ह यांनी त्याचा एक घ्राणकंद काढला, त्यातल्या त्या सोबती पेशी वाढवून तुटीच्या वर-खाली टोचल्या, आणि घोट्याजवळच्या चेतातंतूच्या चार पट्ट्या आठ मिलिमीटरच्या फटीवर बसवल्या. पेशींमागचं मूळ काम रेझमन यांचं. वॉकर धरून तो चालू लागला. भावोजी वर्तमानपत्र घेऊनच आले. “वहिनी, गीतेच्या पंधराव्या अध्यायात काय आहे? वारा फुलांतून गंध नेतो तसा जीव देह सोडताना इंद्रियं बरोबर नेतो. नाकातून कण्यात, बघा, नेलाच की!”

मी म्हटलं, जीव गेला नाही, पेशी गेल्या. आणि हा एकच माणूस आहे, व्यायामही त्याने अफाट केला होता, कशाने किती झालं हे ठरवणं कठीण. मग मी माझा मुद्दा मांडला. आपण नित्याला वरचा पाट देतो. शरीरात मात्र जो भाग नित्य राहायला बसला, त्याची मोडतोड भरून येत नाही. जो रोज मरायला तयार आहे, त्याच्याकडेच दुरुस्तीचं सामान सापडतं.

“आत्मा तुटतच नाही,” भावोजी म्हणाले. “शस्त्राने कापला जात नाही, दुसरा अध्याय.”

उत्तर बिनतोड आहे, म्हणूनच माझ्या कामाचं नाही. ज्याला काही होऊच शकत नाही त्याच्यासाठी कुणी काही करूही शकत नाही. मोटारसायकलवरून पडून कमरेखाली लुळा झालेला पोरगा 'मी' म्हणतो तेव्हा तो कापला गेलेल्या कुणाबद्दल तरी बोलतो. आत्म्याची चर्चा करायची तर याच्याबद्दल करावी, असं मला वाटतं.

स्वधर्माचीही एक गोष्ट आहे, तीही भावोजींना सांगितली. लिस्बनमध्ये कार्लोस लिमा यांचा गट पेशी वेगळ्या न करता नाकाच्या त्वचेचा तुकडाच कण्यात बसवत असे. तिथे उपचार घेतलेल्या एका अमेरिकन तरुणीच्या पाठीत आठ वर्षांनी दुखू लागलं. 2014 साली तिचा अहवाल छापून आला. पाय हलले नव्हते. कण्यात गाठ होती आणि तिच्यात शेंबडासारखा स्राव. नाकाने परमुलखात आपला धर्म इमानाने पाळला होता.

मॅके-सिम यांची ब्रिस्बेनची चाचणी या मानाने फार संथ चालली. 2002 साली सुरू झाली, तिघांच्या स्वतःच्या नाकातून घेतलेल्या पेशी वाढवून त्यांच्याच मज्जारज्जूत सोडल्या. पाहायचं होतं ते एवढंच, की याने अपाय होतो का. तीन वर्षांनी, कुणाला पेशी दिल्या हे तपासणाऱ्यांना न सांगता, तपासणी झाली. अपाय नव्हता. हालचाल कुणाचीच परतली नाही. एकाला स्पर्श थोडा आणखी खालपर्यंत कळू लागला.

“मग त्या तिघांना मिळालं काय?” भावोजींनी विचारलं.

“त्यांना फारसं काही नाही. चौथ्यावर करून बघायला हरकत नाही, एवढं कळलं.”