कृत्रिम जीर्णता

जुन्या सागवानी कपाटास रंग द्यावयाचा आणि तो वाळला की कडांवर काचकागद घासून जागोजाग उडवावयाचा, ही हौस आता आमच्या भिलाईच्या नेहरू नगरातही येऊन पोहोचली आहे. लाकडातील जुने डाग पांढऱ्या रंगातून वर उमटू नयेत म्हणून आधी स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्या लाखेचा हात देतात. (ही लाख इकडच्याच कुसुम-पळसांवर होते, हे जाता जाता सांगावेसे वाटते.) कडांवर मेणबत्ती फिरविली की तेथला रंग सहज सुटतो. फारच हौशी असतील ते साखळीने ठोकून पोचे पाडतात, टोच्याने किडीची भोकेसुद्धा!

हे असत्य म्हणावे काय? कोणी फसत नाही तेथे असत्य नाही, हा युक्तिवाद मला मान्य आहे. नाटकातील म्हातारा दाढी चिकटवितो, त्यास आपण लबाड म्हणत नाही. तीच वस्तू शंभर वर्षांची म्हणून विकली तर ती उघड फसवणूक. तेथे विचार करण्याजोगे फारसे उरत नाही.

माझी अडचण निराळी आहे. हे कपाट बहुधा खरोखरच जुने असते. शाईचा डाग, समईच्या तेलाचे वर्तुळ, बदलीच्या वेळी लागलेला मार, सारे त्यावर असते. आपणा बदलीच्या लोकांच्या घरी तर कोणता पोचा नागपूरचा व कोणता जबलपूरचा, हे गृहिणीस तोंडपाठ असते. त्या खुणा रंगाखाली गाडून कोणाच्याच हाताने न झालेली झीज वर आणावयाची! सेवापुस्तकातील चुकलेली नोंद आपण खरडून काढीत नाही; तीवर रेघ मारून, शेजारी नवी लिहून सही करतो. वास्तूंच्या जीर्णोद्धारासाठी १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही असेच सांगितले आहे: नवा भाग जुन्याशी जुळावा, पण वेगळा ओळखू यावा.

यावर एक उत्तर आहे, आणि ते दुबळे नाही. पतीच्या उशाशी वर्षभर उभ्या असलेल्या टेबलावरील औषधांचे डाग एखाद्या विधवेने रोज का पाहावेत? तिने ते रंगविले तर मी तिला दोष देणार नाही. सपाट रंग देऊन ती एवढेच म्हणते की, हे मला आता पाहवत नाही. मात्र त्याच रंगावर काचकागद चालविला की टेबल पुन्हा बोलू लागते, आणि हकीकत सांगते ती दुसऱ्याच कोणाच्या तरी घरची.