दानाची ठेव आणि व्याजाचा धर्म

धर्मादाय न्यासाकडे दोन तऱ्हेचा पैसा असतो. एक येतो आणि त्याच वर्षी खर्च होतो. दुसऱ्याच्या मुद्दलाला हात लावायचा नसतो, त्याच्या व्याजावर काम चालवायचे असते. हा कायम निधी; ट्रस्टच्या दप्तरात त्याला सर्रास कॉर्पस म्हणतात. त्याचे व्याज कशावर खर्च झाले, हे लेखापरीक्षक दरवर्षी पाहतो. ते कोणत्या धंद्यातून आले, हे सहसा कोणी पाहत नाही. न्यास ज्या दुःखावर उपाय करू पाहतो, ते दुःख निर्माण करणाऱ्या व्यवहारातूनच व्याज येत असेल तर ते दान दान राहते का, हा प्रश्न धर्मविचारात जुना आहे. अलीकडे गुंतवणूक सल्लागारांनी त्याला उद्दिष्टसुसंगत गुंतवणूक असे नाव दिले आहे.

महाराष्ट्रात याचा एक पुरावा दगडावर कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधी न संपणारी ठेव, गोवर्धन येथील श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवली. दोन हजार एका विणकर श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने, हजार दुसरीकडे पाऊण दराने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. त्यातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे होते. वस्त्राचे दान आणि त्यासाठीची ठेव विणकरांकडे! दात्याच्या मनात ही संगती होती की त्या काळी विणकरांची पत चांगली होती एवढेच कारण होते, हे लेख सांगत नाही. पण मुद्दल कोणाकडे, दर किती आणि व्याज कशासाठी, या तिन्ही गोष्टी एकाच लेखात जाहीरपणे लिहिलेल्या आहेत. आजच्या बहुतेक न्यासांच्या फलकांवर फक्त देणगीदाराचे नाव असते.

आजचे उदाहरण म्हणून यवतमाळ जिल्हा घेऊ. तिथे शिक्षणसंस्था, देवस्थाने, वाचनालये, गोरक्षण संस्था, शेतकरी विधवांसाठी आणि पारधी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था असे नाना तऱ्हेचे न्यास आहेत. वक्फ मालमत्तांचा कायदा वेगळा. इतरांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. त्याच्या कलम ३५ प्रमाणे न्यासाचा पैसा अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोखे अशा ठिकाणीच ठेवता येतो. यापलीकडे जायचे तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. आयकराची वेगळी यादी १९६१च्या कायद्याच्या कलम ११(५) मध्ये होती. तीत म्युच्युअल फंडाची युनिटे आणि स्थावर मालमत्ताही बसत. यादीबाहेर पैसा गेला तर करसवलतीवर गदा येते. एका कायद्याने चालणारे दुसऱ्याने अडते, म्हणून विश्वस्त शेवटी एफडीच करतात. कार्यकारिणीच्या सभेत हा विषय दोन मिनिटांत उरकतो: जुनी पावती नूतनीकरणास आली आहे, अमुक बँक पाव टक्का जास्त देते, ठराव मंजूर.

कायद्याच्या या सगळ्या रचनेला एकच भीती आहे, ती मुद्दल बुडण्याची. आणि तीही ही रचना पूर्णपणे टाळू शकत नाही. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले. ठेवीदाराला पाच हजारांपलीकडे काढता येईना. पुढच्या वर्षी बँकेचा परवानाच रद्द झाला. ठेव विमा पाच लाखांपर्यंतच असतो आणि एका न्यासाची गणना एकच ठेवीदार म्हणून होते. घरगुती ठेवीदार कुटुंबातल्या चार नावांवर रक्कम वाटून ठेवू शकतो. न्यासाला ती सोय नाही. या उदाहरणात एक बोचरी गोष्ट आहे. मुलींच्या शिक्षणाचे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेने उद्दिष्टाशी जुळणारी ठेव कुठे ठेवावी असे विचारले असते, तर महिलांची सहकारी बँक हे पहिले उत्तर आले असते. उद्देश जुळतो म्हणून ताळेबंद तपासायचा राहिला, तर धर्मही साधत नाही आणि मुद्दलही उरत नाही.

धर्मपरंपरांची भीती मात्र वेगळी आहे. तुकोबांचे घराणे महाजनकी करणारे. परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि भावाच्या वाट्याची त्याच्याकडे राहू दिली. धन मिळवूच नये, असे त्यांनी सांगितले नाही. ते चांगल्या व्यवहाराने मिळवावे आणि त्यात न गुंतता खर्चावे, अशी त्यांची शिकवण आहे, म्हणजे अट मिळवण्यालाही आहे. इस्लाममध्ये व्याजच निषिद्ध, त्यामुळे तिथे प्रश्न मुळापासूनच वेगळा होतो. जैन परंपरेत श्रावकासाठी पंधरा कर्मादाने, म्हणजे वर्ज्य धंदे, सांगितली आहेत. बौद्ध परंपरेत अंगुत्तर निकायात उपासकाने टाळायचे पाच व्यापार येतात: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. जैन यादीतही विषवाणिज्य आहेच.

विषाचा हा उल्लेख यवतमाळमध्ये पुस्तकी राहत नाही. २०१७च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. चौकशीसाठी शासनाला विशेष पथक नेमावे लागले. अशा कुटुंबांतल्या मुलांचे वसतिगृह चालवणाऱ्या न्यासाची कल्पना केली, की कीटकनाशक कंपन्यांचे रोखे किंवा समभाग असलेला फंड त्याला चालेल का, हा प्रश्न टाळता येत नाही. उत्तर सरळ नाही. तेच औषध फवारून त्याच कुटुंबाने मागची दहा वर्षे कापूस काढलेला असतो. प्राचीन याद्यांतले विष मारण्यासाठी विकले जाई; हे पीक वाचवण्यासाठी विकले जाते आणि मास्क, हातमोजे, नीट माहिती नसताना माणूस मारते. म्हणून यादीतला शब्द उचलून निकाल देता येत नाही. कोणती कंपनी, कोणते द्रव्य, विक्रीनंतरची जबाबदारी कोण घेते, इतके खोलात जावे लागते.

इथे सल्लागाराचे काम सुरू होते. सेबीच्या २०१३च्या नियमांनुसार नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार अशिलाकडून फी घेतो, सल्ल्यातल्या योजनांवर कमिशन घेत नाही; फंड विकणारा वितरक कमिशनवर चालतो. तालुक्याच्या गावात या दोघांच्या ऐवजी बहुधा सीए आणि बँकेचा शाखाधिकारी असतात, आणि दोघांपैकी कोणालाही उद्दिष्टाचा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. सल्लागाराकडे तयार चाळण्या असतात: तंबाखू, दारू, जुगार, शस्त्रे. त्यांत कीटकनाशक सहसा नसते, कारण त्या चाळण्या यवतमाळसाठी बनलेल्या नाहीत. त्यामुळे काय टाळायचे हे सल्लागाराने नव्हे, विश्वस्तांनी ठरवायचे असते आणि लेखी ठरावात मांडायचे असते. टाळल्याने परतावा किती कमी होईल, जोखीम किती एकवटेल आणि कायद्याच्या दोन्ही याद्यांत काय बसते, एवढे सांगणे सल्लागाराचे काम. धर्मनिर्णयही त्याच्यावर सोपवणारे विश्वस्त आपले काम टाळत असतात.

विश्वस्ताला परतावा कमी घेण्याचा अधिकार तरी आहे का? इंग्लंडच्या न्यायालयाने १९९१ मध्ये, ऑक्सफर्डच्या बिशपांनी चर्चच्या निधीविषयी आणलेल्या दाव्यात, सर्वसाधारण नियम जास्तीत जास्त परताव्याचा ठेवला. पण कर्करोग संशोधनाच्या न्यासाने तंबाखूचे समभाग टाळणे रास्त, असा अपवादही मान्य केला. २०२२च्या बटलर-स्लॉस खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले: गुंतवणूक उद्दिष्टाशी विसंगत असेल तर विश्वस्तांना विचारपूर्वक तोल साधून ती वगळता येते, भले काही आर्थिक तोटा होवो. भारतात हे निर्णय बंधनकारक नाहीत, पण तर्क सहज लागू पडतो. देणगीदाराने पैसा आकड्यासाठी नव्हे, उद्दिष्टासाठी दिलेला असतो.

मोठ्या न्यासांची अडचण उलटी असते. टाटा ट्रस्ट्सनी यवतमाळसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत सुखी बळीराजा उपक्रम राबवला. त्यांची मुख्य मत्ता म्हणजे टाटा सन्समधील सुमारे ६६ टक्के हिस्सा. न्यासांना समभाग धरून ठेवण्याची मनाई असली तरी १ जून १९७३ रोजी कॉर्पसमध्ये असलेल्या मत्तेला आयकर कायद्याने सूट दिली होती. अशा ठिकाणी मुद्दल कुठे असावे हे विश्वस्त निवडत नाहीत. ते वारशाने आलेले असते.

संपूर्ण शुद्धतेचा आग्रह धरला तर सरकारी रोखेही सुटत नाहीत. दारूबंदीसाठी यवतमाळच्या स्त्रियांनी मोर्चे काढले, आणि राज्याच्या रोख्यांवरचे व्याज ज्या तिजोरीतून जाते तीत दारूवरचे उत्पादन शुल्क मोठ्या प्रमाणात जमा होते. शेजारच्या वर्ध्याने या पेचाला टोकाचे उत्तर दिले. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतातील अनुभवावरून गांधीजींचे मत झाले होते की सार्वजनिक संस्था कायम निधीवर चालू नये. व्याजावर जगणारी संस्था लोकमताची पर्वा करेनाशी होते. विनोबांनी पवनारला कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाविना जगण्याचा, प्रयोग केला. या विचारात निधी कुठे गुंतवावा हा प्रश्नच उरत नाही, कारण निधीच ठेवायचा नाही. पण दुष्काळाच्या वर्षी देणग्या आटतात आणि वसतिगृहातली मुले त्याच वर्षी वाढतात. तेव्हा हे उत्तर पुरे पडत नाही. निधी ठेवून त्याचा हिशेब उघड करणे, हा मधला मार्ग गांधीजींच्या आक्षेपातला लोकमताचा भाग तरी सांभाळतो.

या जिल्ह्यातल्या न्यासांना खरी मोकळीक आहे ती एफडीत नव्हे, जमिनीत. अनेक देवस्थानांकडे आणि संस्थांकडे शेती आहे. ती बहुधा वर्षापुरती ठोक्याने जाते. सर्वांत जास्त बोली लावणारा कसतो. वर्षभरासाठी घेतलेल्या रानात कोणी बांध घालत नाही, शेणखत टाकत नाही. कपाशी लावून जमेल तितके रसायन वापरून पैसा वसूल करतो. विश्वस्त लांब मुदतीला घाबरतात, कारण कूळ लागण्याची भीती. वास्तविक विदर्भाच्या १९५८च्या कूळकायद्यात शैक्षणिक आणि धार्मिक न्यासांच्या जमिनींना प्रमाणपत्र घेऊन सूट मिळवण्याची तरतूद आहे, आणि विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे कलम ३६ शेतजमिनीच्या दहा वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला पूर्वपरवानगी मागत नाही. सेंद्रिय प्रमाणपत्राला जमीन बदलायला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणजे पाच-सहा वर्षांचा पट्टा, कमी ठोका, वर्ज्य रसायनांची यादी आणि बांधबंदिस्तीची अट, हे सगळे आजच्या कायद्यात बसते. सोडलेला ठोका किती, हे दरवर्षीच्या हिशेबाला जोडलेल्या अहवालात लिहिता येते, म्हणजे न्यासाने उद्दिष्टासाठी किती रुपये सोडले ते सभासदांना आणि धर्मादाय कार्यालयाला आकड्यात दिसते.