पवित्र काम आणि कामगाराचा मान

कामातच देव आहे, ही शिकवण वारकरी संतांनी महाराष्ट्राच्या घराघरांत नेली. अरणच्या सावता माळ्याला विठ्ठल मळ्यातच भेटला. तेरचा गोरा कुंभार चिखल तुडवताना नामात रंगला. त्याच परंपरेत चोखामेळाही आहेत. परंपरा सांगते की १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि वेठीला धरलेले मजूर तिच्याखाली गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. समाधी झाली ती मात्र विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराबाहेर. ते दार दलितांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना उपोषण करावे लागले. काम पवित्र ठरले तरी ते करणारा उंबऱ्याबाहेरच राहू शकतो.

गिरणीत तरी जात विरघळेल, असे वाटत होते. मुंबईच्या गिरण्यांत मागावरची कांडी संपली की विणकर नवी कांडी घालून धोट्याच्या भोकाला तोंड लावी आणि धागा ओढून घेई. त्या उष्ट्या धोट्याचा विटाळ होतो, या सबबीवर विणकामाच्या खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. आणि पगार तिथेच जास्त होता. सहकामगारांनीच घातलेली ही बंदी मालकाच्या जुलमाहून कमी क्रूर नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न लावून धरला. जात श्रमाबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते, हा विचार त्यांनी पुढे १९३६ मध्ये सविस्तर मांडला.

धर्म कामगाराच्या बाजूनेही बोलू शकतो. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुटी मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, हे कारणही त्यांनी पुढे केले. १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. विसाव्याचा हक्क इथे देवाच्या नावाने मागितला गेला.

गिरणी कामगाराला हक्क मागायला मालक तरी होता; हमालाला तर एक मालकच नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यावर तोड काढली: व्यापारी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही माथाडी मंडळात भरतो, आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार मिळतो. अॅपवरून पार्सल पोहोचवणाऱ्यांचा प्रश्नही असाच आहे. त्यांना २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने व्याख्येत जागा दिली, पण ती मालक-नोकर नात्याच्या बाहेरची.