मुदतीचे अभय

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात नोव्हेंबर सरता सरता बंदुकीच्या शिकारीचा हंगाम उघडतो, तेव्हा पहाटेपासून मचाणावर दबा धरून बसलेल्या शिकाऱ्यासमोर, पानगळीने उघड्या पडलेल्या रानातून, पांढऱ्या शेपटीचा एक तरणा नर चालत येतो. जनावर टप्प्यात असते, वारा अनुकूल असतो, खिशात परवाना असतो, आणि तरीही तो शिकारी चापावर बोट न नेता आधी त्या हरणाच्या शिंगांचे फाटे मोजतो आणि ते कमी भरले म्हणजे त्याला जाऊ देतो. या जाऊ देण्याला काय म्हणावे, हा प्रश्न शिकार न करणाऱ्या आपल्यासारख्यांना दूरचा वाटेल. पण ज्या परंपरेत गीतेचा सोळावा अध्याय दैवी संपत्तीचे सव्वीस गुण सांगताना अहिंसेच्याही आधी, अगदी पहिल्या स्थानी, अभय ठेवतो आणि ज्ञानेश्वर माउली त्या एकेका गुणापाशी थांबून त्याचे निरूपण करतात, त्या परंपरेत वाढलेल्यांना हा प्रश्न परका राहू नये. त्या तरण्या नराला मिळाले ते अभय होते काय?

आधी तो नर पाहू. मे-जूनच्या सुमारास जन्मलेले पाडस पहिला हिवाळा आईजवळ काढते. पुढच्या वर्षी, दीड वर्षाचे होता होता, त्याला पहिली शिंगे येतात, कुणाला नुसती दोन सुळक्यांसारखी, कुणाला थोडी फाटे फुटलेली. याच वयात बहुतेक नर आईचा परिसर सोडतात आणि कित्येक मैल दूर, अनोळखी रानात आपली जागा शोधू लागतात. कुठल्या बांधावर माणूस बसतो, कुठले झाड टाळावे, हे त्यांना अजून कळलेले नसते. म्हणून ते सर्वांत आधी मरतात. पेन्सिल्व्हेनियात एके काळी दीड वर्षाच्या दर पाच नरांपैकी सुमारे चार त्याच हंगामात मारले जात. दोन वर्षांपलीकडे पोहोचणारा नर हीच नवलाची गोष्ट झाली होती. 2002 साली राज्याने नियम केला की शिंगांच्या एका बाजूला किमान तीन फाटे, आणि पश्चिम भागात चार, असल्याखेरीज नराला मारू नये. लहान वयाच्या शिकाऱ्यांना मात्र सूट ठेवली. नियमाचा गुण आला. पुष्कळ तरणे नर आणखी एक शरद पाहू लागले. कायद्याने दिलेले का होईना, ते अभय होते, असे पहिल्या नजरेला वाटते, आणि ही पहिली नजर अगदीच खोटी नाही.

पण अभय म्हणजे भयाचा अंत, आणि इथे भय संपलेले नाही, ते एका वर्षाने पुढे सरकले आहे. तिकडच्या शिकाऱ्यांत बोलण्याची रीतच अशी आहे की लहान नराला जाऊ द्यावे म्हणजे तो वाढेल. आणि वाढेल म्हणजे त्याची शिंगे वाढतील, ती भिंतीवर शोभतील. टेक्सासात 1970च्या दशकात या सोडण्यामागची जी विचारधारा आकाराला आली, अल ब्रदर्स आणि मर्फी रे या वन्यजीवतज्ज्ञांच्या 1975च्या पुस्तकाने जिला बळ दिले, तिच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की तिने केवळ मोठ्या शिंगांचा हव्यास शिकवला नाही. कळपात नर-मादींचा तोल असावा, रानाला झेपेल एवढाच कळप असावा, त्यासाठी माद्याही मारल्या जाव्यात, हा तिचा आग्रह होता आणि तो जाणतेपणाचा होता. तरीही सामान्य शिकाऱ्याच्या मनात उतरताना त्यातले शिंगच तेवढे शिल्लक राहिले, असे मला वाटते. ज्याला आपण आज सोडतो त्याच्यावरचा हक्क आपण सोडलेला नसतो. मुदतठेव ठेवावी तसे ते जनावर रानात ठेवलेले असते. गीतेच्या त्याच गुणमालिकेत भूतदयेच्या अगदी शेजारी अलोलुपता येते, हे शेजारपण मला फार अर्थपूर्ण वाटते. लोभाने केलेली दया बाहेरून दयेसारखीच दिसते. हात तसाच आवरलेला, जनावर तसेच जिवंत. फरक आतला आहे, आणि अभयाचा विचार त्या आतल्या फरकापासूनच सुरू होतो.

हा लोभ दृष्टीही बिघडवतो. शिंगांवरून जीवाचे मोल करण्याची सवय लागली की ज्याची शिंगे पहिल्या वर्षी नुसती सुळ्यांसारखी आली तो हीन बीजाचा, त्याला काढून टाकावा, अशी समजूत तयार होते. टेक्सासात ती कित्येक वर्षे चालली आणि तिच्यावरून वादही पुष्कळ झाले. वास्तविक पहिल्या वर्षीच्या शिंगांवर पाडस केव्हा जन्मले, आईचे दूध कसे होते, त्या साली चारा कसा होता, यांचा मोठा परिणाम होतो. उशिरा जन्मलेल्या लेकराला उशिरा जन्मल्याबद्दल शिक्षा, असाच त्याचा अर्थ झाला. अभय देणाऱ्याने आधी पाहायला शिकले पाहिजे.

पाहण्याची ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. सहा महिन्यांच्या नर पाडसाला शिंगे नसतात, कातडीखाली नुसती दोन टेंगळे असतात; त्यामुळे मादीचा परवाना असलेला शिकारी त्याला मादी समजून मारतो आणि जवळ जाऊन कपाळावर हात फिरवल्यावर त्याला कळते की हे पोर होते. तिथले जाणते शिकारी नवख्याला म्हणून सांगतात: मोकळ्या कुरणात संध्याकाळी सर्वांत आधी आणि एकटे जे बिनशिंगी हरिण येते त्याच्यावर नेम धरू नकोस, ते बहुधा अनुभव नसलेले नर पाडस असते; आणखी दोन-तीन येईपर्यंत थांब, त्यांना एकमेकांशेजारी पाहा; पाडसाचे तोंड आखूड दिसेल, प्रौढ मादीचे लांबट; मादीचा माथा कानांच्या मध्ये गोलसर असतो, नर पाडसाचा सपाट. या उपदेशात धर्माचा एकही शब्द नाही, आणि तरी मला तो अभयाच्या फार जवळचा वाटतो. कारण आपल्या परवान्याचा, आपल्या सोयीचा, उतरत्या उजेडाचा विचार बाजूला ठेवून समोरचा जीव नेमका कोण आहे हे कळेपर्यंत थांबायचे, एवढेच त्यात मागितले आहे, आणि थांबता थांबता अंधार पडला तर रिकाम्या हाताने परत यायचे आहे. अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी कोरवलेल्या स्तंभलेखात गाभण आणि दुभत्या शेळ्या-मेंढ्या-डुकरिणींना आणि सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना मारू नये असे घातले आहे. नोव्हेंबरातले ते नर पाडस त्याच वयाचे असते. सम्राटाची आज्ञा आणि शिकाऱ्याचा सल्ला यांच्यात बावीस शतकांहून अधिक अंतर आहे, पण दोहोंनाही हात उचलण्याआधी समोरच्या जीवाचे वय पाहावेसे वाटले.

मग लहानाला सोडावे आणि मोठ्याला मारावे, इतके हे सरळ आहे काय? जर्मनीतली रीत ऐकली की हा निष्कर्ष डळमळतो. तिथल्या कायद्याने पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत त्यांना वाढवणाऱ्या आईबापांची शिकार निषिद्ध केली आहे. आणि कळप कमी करायची वेळ आली तर आईच्या आधी पाडस, अशी तिथल्या शिकाऱ्यांची शिस्त आहे. आपल्याला ऐकूनच कसेसे होते. पण त्यामागचा विचार असा की आई आधी पडली तर मागे राहिलेले पोर हिवाळ्यात झुरून मरेल किंवा खुरटून जगेल, आणि असे पोरके मागे ठेवणे हा शिकाऱ्याला कलंक आहे. लाल हरणांतही तरणे आणि म्हातारे नर अधिक मारावेत, मधल्या वयाचे, कळपाचा आधार असलेले नर राखावेत, असा तिथला दंडक आहे, कारण लांडगा असता तर त्यानेही साधारण हेच केले असते. म्हणजे एका देशात तरण्या नराला सोडणे ही नीती, दुसऱ्या देशात मधल्या वयाच्या नराला. दोन्ही ठिकाणची माणसे आपापल्या परीने विचारी आहेत. मला यातून एवढे उमगते की जीव एकटा नसतो, तो आई-पिल्लाच्या, कळपाच्या, रानाच्या नात्यात असतो, आणि अभय त्या नात्याला द्यावे लागते. महाभारतात मृगरूप घेतलेल्या किंदम ऋषीला पांडूचे बाण लागतात तेव्हा तो मृग मारल्याबद्दल राजाला दोष देत नाही, राजे शिकार करतात हे तो मानतो. त्याचा आक्षेप एवढाच की मीलनाच्या क्षणी तू थांबला नाहीस. तिथेही बाण देहाला लागले आणि तुटले ते नाते.

आता जातकातल्या निग्रोध मृगाची कथा. वाराणसीच्या राजाच्या उद्यानात दोन कळप, एकाचा नायक निग्रोध, दुसऱ्याचा साख. धावाधाव आणि जखमा टाळाव्यात म्हणून रोज एकाने पाळीने वधस्थानी जायचे ठरलेले. साखाच्या कळपातल्या एका गाभण हरिणीची पाळी येते आणि ती विनवते की पाडस होऊ द्या, मग आम्ही दोघे आपापल्या पाळीला जाऊ. ती मागते ती फक्त मुदत. साख नियमावर बोट ठेवतो. निग्रोध तिला परत पाठवतो आणि स्वतः जाऊन ओंडक्यावर मान ठेवतो. मला या कथेत अभयाचा गाभा दिसतो. हरिणीने मुदत मागितली होती, तिला अभय मिळाले, आणि दोहोंतला फरक कुणाची मान ओंडक्यावर गेली यात होता. अभयाला किंमत असते. ती ज्याने दिले त्याने भरली तरच ते अभय, ती पुढच्या वर्षीच्या शिंगांतून वसूल व्हायची असेल तर ती मुदत. मचाणावरचा शिकारी लहान नराला सोडतो तेव्हा त्याचीही काही किंमत तो भरतो, हे मी नाकारीत नाही: हंगाम थोड्या दिवसांचा, थंडी कडाक्याची, आणि घरच्या शीतपेटीत वर्षाचे मांस भरायचे असते. जो शिकारी शिंगांचा विचार मनात न आणता, याने अजून काही पाहिलेच नाही म्हणून, त्याला जाऊ देतो त्याच्या हातून मुदतीपलीकडचे काही घडते, मग त्याने अभय हा शब्द ऐकलेला नसला तरी.

आणि जो कुणालाच मारत नाही त्याचे काय? तो आपण. अमेरिकेत लांडगे आणि पहाडी सिंह संपवले गेल्यावर अनेक ठिकाणी हरणे इतकी वाढली की त्यांनी रानाची कोवळी रोपे खाऊन टाकली आणि हिवाळ्यात ती उपाशी मेली. ऑल्डो लिओपोल्ड हा वनवेत्ता तरुणपणी लांडगे मारणारा होता. पुढे 1940च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये माद्यांचीही शिकार व्हावी असे तो सांगू लागला तेव्हा लोकांनी त्याला क्रूर ठरवले. पेन्सिल्व्हेनियात वन्यजीवतज्ज्ञ गॅरी आल्ट यांनी तरण्या नरांना राखण्याचा नियम आणताना माद्यांचा भार कमी करा म्हणून सभा घेतल्या, तेव्हाही तोच संताप उसळला. लोकांना सोडणे गोड वाटते, विशेषतः कोवळ्याला सोडणे. भागवतातला भरत राजा सर्व सोडून गंडकीकाठी गेला आणि पोरक्या पाडसात इतका गुंतला की पुढचा जन्म त्याला हरणाचा आला; त्याने पाडस वाचवले ते योग्यच होते, पण त्या वाचवण्यात हळूहळू त्याचे स्वतःचे सुख मिसळत गेले.

आपल्या देशात 1972चा वन्यजीव कायदा आणि 1991ची दुरुस्ती यांनी शिकार जवळपास पूर्ण बंद केली. हे फार चांगले झाले, असे मी मानतो. पण निग्रोधाची कथा राजाने सर्व प्राण्यांना अभय दिल्यावर संपत नाही, हे आपण सहसा सांगत नाही. अभय मिळालेली हरणे पिकांत शिरतात; राजाने शब्द दिलेला, म्हणून लोकांना त्यांना हाकलताही येत नाही; लोक गाऱ्हाणे घेऊन येतात, आणि तेव्हा निग्रोध आपल्या कळपाला शेतात जायला मनाई करतो व शेतकऱ्यांना शेताच्या कडेने पानांच्या खुणा बांधायला सांगतो. जातकातल्या हरणांना खुणा कळत होत्या. विदर्भातल्या रोह्यांना आणि रानडुकरांना त्या कळत नाहीत. तिथला शेतकरी तूर-हरभऱ्याच्या दिवसांत मचाणावर जागल करतो, डबे वाजवतो, बॅटरी फिरवतो, आणि पहाटे डोळा लागला की तेवढ्यात कळप वावर तुडवून जातो. हे मचाणही पेन्सिल्व्हेनियातल्यासारखेच थंडीत कुडकुडणारे, फक्त इथे बंदूक नाही आणि हंगाम सरला तरी जागरण संपत नाही. शहरात बसून आपण ज्या अभयाचा अभिमान बाळगतो त्याची मान तिथल्या ओंडक्यावर आहे, आणि ती आपली नाही. नुकसानीचा पंचनामा वेळेत व्हावा, भरपाई पिकाच्या खऱ्या मोलाची मिळावी, कुंपणाच्या खर्चात ज्यांच्या शेतात कधी रोही शिरत नाही त्यांचाही वाटा असावा, ही मागणी अभयाच्या निरूपणाबाहेरची आहे असे मला वाटत नाही. सप्ताहात सोळावा अध्याय लावणाऱ्यांनी ती व्यासपीठावरून, त्या शेतकऱ्याला समोर बसवून, करावी.