सनद कोणाकोणाची मागायची?

इतिहासाच्या तासाला आता नुसते पुस्तक आणि खडू उरलेले नाहीत. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर मोबाइल धरला की धड्याला जोडलेली चित्रफीत दिसते. २०१७ साली 'दीक्षा' हे सरकारी व्यासपीठ सुरू झाले. राष्ट्रीय अभिलेखागाराने 'अभिलेख पटल'वर जुने कागद पाहण्याची सोय केली आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे ग्रंथ इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. मनमाडच्या शिक्षकाला एखादे जुने गॅझेटिअर चाळायचे तर पूर्वी नाशिकची नाहीतर पुण्याची गाडी धरावी लागे. ते आता वर्गातच उघडते, ही लहान गोष्ट नव्हे.

पण त्याच मोबाइलवर, त्याच बोटाखाली, व्हॉट्सअॅपवरचा इतिहासही येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मग खरे-खोटे कोणत्या मापाने ठरवायचे? आणि ते माप आपल्याला आवडणाऱ्या गोष्टीलाही लावायचे का? हा दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि तो तंत्राच्या पुढचा, नीतीचा आहे.

मनमाडच्या मुलांपासूनच सुरुवात करू. अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले गावापासून जवळ आहेत. एकीकडे अगस्ती ऋषींचे स्थान, दुसरीकडे जैन लेणी. उपग्रहाच्या नकाशावर दोन्ही डोंगर आणि त्यांच्यामधली खिंड वर्गात बसून पाहता येते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिकचा खंड १८८३ साली निघाला. १६३५ साली शहाजहानच्या सरदाराने, खानखानानने, हे किल्ले घेतले आणि १८१८ साली ते इंग्रजांकडे गेले, हे त्यात मिळते. शिक्षकाने इथे थांबून मुलांना विचारावे, की हे लिहिले कोणी? कोणासाठी? राज्यकर्त्यांनी कारभारासाठी लिहिलेल्या पुस्तकात किल्ला कोणी जिंकला हे येते. त्यावरची टाकी कोणी खोदली, दगड कोणी वाहिले, हे क्वचितच येते.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगायला हवी. हीच पुस्तके आधी का सापडतात? आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे जालावरचे फुकट कपाट मुख्यतः इंग्रजी अमदानीतल्या ग्रंथांनी भरलेले आहे. इलियट आणि डाउसन यांचे आठ खंड १८६७ ते १८७७ या काळात निघाले. मुसलमान राजवटींच्या बखरी वाचून इथल्या लोकांना इंग्रजी राज्याची किंमत कळेल, हा हेतू इलियटने आधीच प्रस्तावनेत उघड लिहून ठेवला होता. त्या खंडांतले उतारे आजही फिरतात. मोगल दरबाराचे अखबार मराठीत आणणारे सेतु माधवराव पगडी १९९४ साली वारले; त्यांची पुस्तके मात्र ग्रंथालयात जाऊन शोधावी लागतात. सहज हाती येते तेच खरे, ही समजूत मुलाच्या मनात रुजू न देणे हे शिक्षकाचे पहिले काम.

इथवर आपल्यापैकी कोणाची हरकत नसेल. अडचण पुढे आहे. अफजलखानाचा धडा सुरू होतो आणि वर्गातल्या चार नजरा एका मुलाकडे वळतात. त्याचे नाव सलीम किंवा अस्लम असते, एवढाच त्याचा संबंध. संध्याकाळी घरी कोणीतरी त्याला दिलासा म्हणून एक संदेश वाचून दाखवतो: शिवाजी महाराजांच्या पदरी अमुक इतके मुसलमान सरदार होते, अमुक लढाईत तमुक शहीद झाले. मुलाला तो ढालीसारखा वाटतो. ती ढाल खरी आहे का, हे विचारावेसे कोणाला वाटत नाही.

त्या यादीतली काही नावे पक्की आहेत. नूरबेग, सिद्दी हिलाल, आरमाराचा दौलतखान ही माणसे कागदोपत्री भेटतात. आग्र्याच्या सुटकेतल्या मदारी मेहतरला मात्र समकालीन आधार नाही, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. आणि महाराजांचा फारसी चिटणीस काझी हैदर पुढे औरंगजेबाच्या चाकरीत गेला, ही ओळ अशा यादीत बहुधा गाळलेली असते. ती गाळली की इतिहास उरत नाही, वकिलाची कैफियत उरते.

फातिमा शेख यांचे उदाहरण तर ताजे आहे. जानेवारी २०२५ मध्ये एका लेखकाने समाजमाध्यमावर दावा केला की हे पात्र आपणच रचले. एका दिवसात तो दावा देशभर पसरला. त्याला उत्तर मिळाले ते एका जुन्या पत्राने. सावित्रीबाईंनी जोतीरावांना १० ऑक्टोबर १८५६ रोजी लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, ही काळजी त्यात आहे. हे पत्र सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात कधीच छापले गेले होते. पण त्याचबरोबर हेही मान्य करायला हवे, की ९ जानेवारी ही जन्मतारीख, तिचे शिक्षण, तिचे पुढचे आयुष्य यांबद्दल जालावर जे ठामपणे लिहिले जाते, त्याला त्या पत्राइतका भक्कम कागद कोणी दाखवलेला नाही. ती होती, ती सावित्रीबाईंच्या कामात होती, एवढे पक्के आहे. एवढे पुरेसे मोठे आहे. त्यावर चढवलेली सजावटच टीकाकाराच्या हाती कोलीत देते.

यावर कोणी म्हणेल, सगळ्या दंतकथा आपल्याच घरच्या का तपासायच्या? बहुसंख्यांच्या आवडत्या कथांना कोण सनद मागतो? तक्रार खोटी नाही. वजन दोन्ही पारड्यांत सारखे नाही, हे आपण रोज पाहतो. पण उलट बाजूने विचार करा. ज्याच्या मागे संख्या आहे, त्याची खोटी गोष्टही काही काळ चालून जाते. ज्याच्या मागे फक्त पुरावा आहे, त्याने पुरावाच कच्चा ठेवला तर त्याच्यापाशी उरते काय? आणि समजा, खोटी ढाल कधीच उघडी पडली नाही, तरीही आपण आपल्या मुलाला इतकेच शिकवले असेल की आपल्या फायद्याचे ते खरे.

ही शिस्त आपल्याला परकी नाही. हदीसच्या अभ्यासकांनी प्रत्येक रिवायतीची सनद मागितली. सांगणारा नेक आहे, नमाजी आहे, एवढ्यावर त्याची रिवायत पक्की ठरत नसे. त्याची स्मरणशक्तीही तपासली जाई. इब्न खल्दूनने १३७७ साली 'मुकद्दिमा' लिहिला. इतिहासात खोटे का शिरते याची कारणे देताना त्याने आपल्या मताचा, आपल्या गटाचा पक्षपात आधी सांगितला आहे. आपल्या गटाला आवडेल ते मन न तपासता स्वीकारते, हे त्याने साडेसहाशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

म्हणून शिक्षकाने फळ्यावर तीन रकाने आखावेत: कागद आहे, आठवण आहे, ऐकीव आहे. अंकाईचा किल्ला असो, अफजलखान असो की फातिमा, प्रत्येक विधान त्यांपैकी एका रकान्यात बसवायला मुलांना सांगावे. आठवणीलाही मोल असते. फक्त तिला कागद म्हणू नये. याला ना इंटरनेट लागते ना वीज. मग मोबाइल हाती घेतला तरी तो मुलाला वाहवत नेणार नाही. आणि त्या सलीमला किंवा अस्लमला कळेल की सतराव्या शतकातल्या कोणाचा तो आरोपी नाही आणि वकीलही नाही. बाकीच्या मुलांसारखाच तोही विद्यार्थी आहे, आणि सनद मागण्याचा हक्क त्यालाही आहे.