संधिप्रकाशाची साक्ष

सातारच्या अजिंक्यताऱ्याचें एक छायाचित्र काढून द्यावें, अशी आमच्या एका सांगलीकर स्नेह्यांच्या मातोश्रींची इच्छा होती. या बाईंस आम्ही मावशी म्हणतों. त्यांचें माहेर किल्ल्याच्या पायथ्याशीं, माची पेठेंत. लग्न होऊन सांगलीस आल्यास त्यांना पन्नासांवर वर्षें झालीं. आतां दृष्टि मंदावली आहे आणि गुडघ्यांमुळें प्रवास होत नाहीं. "दिवेलागणीचा काढ, दुपारचा नको," एवढीच त्यांची अट होती. काम सोपें वाटलें म्हणून आम्हीं तें आनंदानें पत्करलें. तें करीत असतां जो प्रश्न आम्हांपुढें उभा राहिला तो मात्र सोपा नव्हता. आणि तो केवळ छायाचित्रकारांचाच आहे असेंही आम्हांस वाटत नाहीं, म्हणून वाचकांपुढें मांडीत आहों.

मार्गशीर्षांतील एका सायंकाळीं आम्ही यवतेश्वराच्या घाटांत कॅमेऱ्याची तिपाई रोवून बसलों. अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेस आहे. हिंवाळ्यांत सूर्य नैर्ऋत्येकडे मावळतो, त्यामुळें किल्ल्याची शहराकडील बाजू सायंकाळीं सांवलींत असते. ज्येष्ठांत तो वायव्येकडे सरकला म्हणजे त्याच बाजूस मावळतीचे किरण लागूं शकतात, पण तेव्हां आभाळ मोकळें मिळेल तर! शिवाय आपल्या अक्षांशावर सूर्य बुडाल्यावर कामापुरता उजेड २२-२३ मिनिटेंच टिकतो. इंग्लंडांत उन्हाळ्यांत तो याच्या जवळजवळ दुप्पट वेळ रेंगाळतो. आमच्याकडे भिंग पुसून होईपर्यंत निम्मी वेळ सरलेली असते.

त्या वेळांत आम्हीं दोन चित्रें घेतलीं. पहिलें सेकंदाच्या साठाव्या भागाचें. त्यांत किल्ला म्हणजे एक काळा ढीग, त्यावर आभाळाची फिकट कड, बस्स. दुसऱ्यासाठीं शटर ३० सेकंद उघडें ठेवलें, आणि काय चमत्कार! तटाचे चिरे, उतारावरील झुडपें, खालच्या पेठेंतील कौलांचा तांबूस रंग, सर्व कांहीं दुपारच्यासारखें स्वच्छ उमटलें. आमच्या डोळ्यांस यांतलें निम्मेंही दिसलें नव्हतें. उलट डोळ्यांस जें दिसलें होतें तें चित्रांत नव्हतें. समोरच्या रस्त्यानें मोळ्या घेतलेल्या तीन बायका उतरत होत्या, एक म्हातारा गाय हांकीत चालला होता. त्यांचा मागमूसही राहिला नाहीं. जें ३० सेकंद एका जागीं स्थिर राहिलें नाहीं, तें यंत्राच्या लेखीं झालेंच नव्हतें. १८३८ सालीं दागेर यानें पॅरिसच्या एका गजबजलेल्या हमरस्त्याचें चित्र घेतलें, त्यांतही हाच प्रकार घडला. गाड्याघोडे, माणसें सर्व नाहींशीं झालीं, आणि बुटांस पॉलिश करवून घेण्यासाठीं थांबलेला एक गृहस्थ तेवढा ओळखूं येण्याजोगा उरला. मोळीवालीस थांबण्याची चैन कोठून परवडणार?

येथवर यंत्राचा गुण होता. पुढचें कृत्य आमचें. किल्ल्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे, त्यावर रात्रीं तांबडा दिवा लागतो. ऐतिहासिक वास्तूवर हें विसाव्या शतकाचें ठिगळ कशाला, असा विचार करून आम्हीं घरीं संगणकावर मनोरा आणि दिवा दोन्ही पुसून टाकले. पांच मिनिटांचें काम. चित्र अधिक 'खरें' झालें असें तेव्हां आम्हांस मनापासून वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

पण कोणत्या सालचें खरें? हा प्रश्न आम्हीं स्वतःस विचारला नव्हता. शिलाहार भोज राजाच्या बांधणीचा किल्ला आम्ही दाखवीत होतों काय? तो तर नंतरच्या प्रत्येक राजवटीनें डागडुजी करून बदलला. डिसेंबर १६९९ मध्यें औरंगजेब स्वतः या किल्ल्यापुढें येऊन बसला. प्रयागजी प्रभूंनीं तो महिनोन्महिने लढविला. मोगलांनीं तटाखालीं लावलेल्या सुरुंगानें तट बाहेरच्या बाजूस कोसळला आणि त्याखालीं त्यांचींच सुमारें २,००० माणसें दडपून मेलीं, असें इतिहासकार सांगतात. एप्रिल १७०० मध्यें किल्ला पडला, तेव्हां त्याचें नांवही बदलून आझमतारा झालें. पुढें १७०८ सालीं साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला; १७५० सालीं याच किल्ल्यावर ताराबाईंनीं रामराजास कैदेंत ठेवलें; १८३९ सालीं इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांस पदच्युत करून काशीस धाडलें, आणि १८४८ सालीं राज्यच खालसा केलें. रणभूमि, राजधानी, तुरुंग, परक्याचें ठाणें हीं सर्व रूपें याच दगडांचीं. संधिप्रकाश या सर्वांवर सारखाच जांभळा रंग चढवितो, म्हणून 'वैभवाचा सूर्यास्त' अशा मथळ्यांखालीं छापलीं जाणारीं चित्रें पाहिलीं म्हणजे आम्हांस थोडा कंटाळा येतो. मनोरा पुसून आम्हीं किल्ला कोणत्याही एका काळास परत नेला नव्हता. जो किल्ला कधींच नव्हता तो मात्र तयार केला होता.

हें शहाणपण नंतरचें. चित्र घेऊन सांगलीस गेलों तेव्हां आम्ही मोठ्या ऐटींत होतों. घरांतील सर्वांनीं वाहवा केली. मावशींनीं तें डोळ्यांजवळ धरून पुष्कळ वेळ निरखलें व म्हणाल्या, "छान आहे रे. पण ही दिवेलागण कसली? आमच्या किल्ल्यावर या वेळेला अंधार पडायचा. आणि वरचा तांबडा दिवा कुठें गेला?"

आमची समजूत होती कीं त्यांस लहानपणींचा, मनोऱ्याशिवायचा किल्ला हवा असेल. त्यांनीं सांगितलें तें वेगळेंच. माहेरीं भाऊ आजारी असतां त्या कऱ्हाडावरून एस.टी.नें संध्याकाळच्या साताऱ्यास येत. अंधारांत आधीं तो दिवा दिसे, आणि मग "आलें एकदाचें" असें वाटे. तो भाऊ आतां नाहीं. आम्हीं पुसलेलें ठिगळ तेंच नेमकें त्यांचें होतें.

स्नेही वकील, त्यांनीं आमची बाजू घेतली. "असें म्हटलें तर जुनीं काळींपांढरीं चित्रेंही खोटीं ठरतील, त्यांत रंग कुठें आहे?" मुद्दा बिनतोड वाटला, परंतु टिकला नाहीं. काळेंपांढरें चित्र आपण काय गाळलें तें तोंडावरच सांगतें. त्यानें कोणी फसत नाहीं. ज्योतिषी तासन् तास भिंग उघडें ठेवून जे तेजोमेघ टिपतो, ते मनुष्याच्या डोळ्यानें तसे कधींच पाहिलेले नाहींत. तरी तो खोटें बोलत नाहीं, कारण किती वेळ प्रकाश घेतला तें तो चित्राबरोबर नोंदवितो. सांगलीकरांस हें अधिक काय सांगावें? श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सीतास्वयंवराचा खेळ केला तो याच गांवीं. रंगविलेला रावण मिणमिणत्या दिव्यांत खरा वाटला तरी त्यांत लबाडी नव्हती. पाहणारा तो करार मान्य करूनच बैठकीवर बसला होता. मावशींनीं असा कोणता करार आमच्याशीं केला होता? त्यांनीं दिवेलागण मागितली, आणि आम्हीं ती दिली असें भासविलें.

यावर कोणी विचारील, मग मागणाऱ्याच्या मनाजोगें तें खरें, असेंच कां? तसें आम्ही म्हणत नाहीं. मनोरा काढून टाक, असें मावशीच म्हणाल्या असत्या तर त्यांच्या भिंतीपुरता आम्हीं तो काढलाही असता. शाळेच्या पुस्तकासाठीं तेंच चित्र दिलें नसतें. वस्तूशीं प्रामाणिक राहणें हें एक, आणि पाहणाऱ्याशीं प्रामाणिक राहणें हें दुसरें. कधीं कधीं या दोहोंची सांगड बसत नाहीं, आणि अशा वेळीं काय करावें याचा नियम आम्हांस अजून सांपडलेला नाहीं. मात्र त्या दिवशीं आमच्या हातून दोन्ही सुटलीं होतीं, एवढें निश्चित. पहिलें काळें चित्र तरी खरें होतें काय? तेंही नाहीं. त्या अंधारांत डोळ्यास पुष्कळ दिसत होतें. यंत्रासच दिसलें नाहीं.

पौषांत आम्ही पुन्हा घाटांत गेलों व या खेपेस शटर दोन सेकंदच उघडें ठेवलें. किल्ला काळसर आला, तटाची रेषा नीट पाहिली तर कळते, माथ्यावर तांबडा ठिपका आहे. कठड्याशीं भारा टेकून दम खात असलेली एक बाई धूसर का होईना, पण उमटली आहे.

स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत आमचें पहिलें, झगझगीत चित्रच टांगलेलें आहे. मुलांस तें आवडतें, आणि खालीं '३० सेकंद. मनोरा पुसलेला' असें आम्हीं लिहून दिलें आहे. दुसरें मावशींच्या खाटेशेजारीं असतें. येणारेजाणारे तें पाहण्यासाठीं खोलींतील ट्यूब लावतात, आणि ती बंद करा म्हणून मावशी सांगतात. कांचेवर तिरीप येते म्हणे.